इंद्रभान भोयरची प्रयोगशाळा

कामरगावच्या उकंडराव भोयरांचा इंद्रभान जबलपूरला इंजिनिअरिंग शिकायला गेला, तेव्हा गावात दोन तट पडले. एक म्हणे, पोरगा आता साहेब होऊन मोटारीतूनच येईल. दुसरा म्हणे, एकुलता एक पोरगा हातचा गेला, उकंडरावच्या वावरात आता वखर कोण हाकील? उकंडराव दोन्हीकडचं ऐकून घेत आणि चिलीम पेटवत. पोराला शिकायचं होतं, त्यांना शिकवायचं होतं. त्यांच्या लेखी विषय एवढाच होता.

कारंज्याला मॅट्रिक झालं, अमरावतीला इंटर झालं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रदेशात होता, म्हणून सरकारी कॉलेज म्हणजे जबलपूर. कारंज्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, मग मोठ्या गाडीनं नागपूर, तिथून गोंदिया, आणि मग पुन्हा एक छोटी गाडी, जी सातपुड्याच्या जंगलातून खोकत खोकत चढायची. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात इंद्रभानचं लग्न लावून दिलं होतं. बायकोचं नाव पंचफुला. चौथी शिकलेली, सावळी, बोलायला धीट. ती सासूजवळ कामरगावला राहिली आणि इंद्रभान खिडकीला डोकं टेकून जबलपूरला गेला.

पहिली दोन वर्षं त्याला कॉलेजात काही गोड लागलं नाही. वर्गातली पोरं पुलांची, धरणांची स्वप्नं पाहत. त्याला वाटे, आपण इथे काय करून राहिलो? तिसऱ्या वर्षी मातीची लॅबोरेटरी सुरू झाली आणि त्याचं चित्त एका जागी बसलं.

पोरं तिला चिखलवाली लॅब म्हणत. कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. उत्तरेला खिडक्या, मध्ये सिमेंटचे ओटे, ओट्यांवर पितळेच्या कड्या, काचेच्या पेटीतला तराजू, आणि केसाएवढ्या हालचालीनंही काटा फिरवणारी डायल. त्या खोलीचे धनी होते मदनसिंग सर. उंच, किडकिडीत, पान खाणारे, आणि जितकं कमी बोलता येईल तितकं कमी बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी एका कडीत काळ्या मातीची चकती बसवली, वर लोखंडी वजन ठेवलं आणि कडेनं पाणी सोडलं. बाकीची पोरं जांभया देत होती. इंद्रभान डायलकडे पाहत होता. काटा हलला. वजनानं खाली जायच्या ऐवजी तो वर सरकत होता. मूठभर माती पाणी पिऊन लोखंड उचलत होती.

त्याला घराची मागची भिंत आठवली. दर उन्हाळ्यात तिला भेगा पडत, माय त्या शेणामातीनं लिंपून काढी, पावसाळ्यात त्या आपसूक मिटत आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तोंड उघडत. गावात कोणी म्हणे बांधणाऱ्याचा हात वाईट, कोणी म्हणे जागेचा दोष. आणि इथे, घरापासून इतक्या दूर, त्या भिंतीचं कारण एका पितळी कडीत बसलं होतं.

तास संपल्यावर सगळे निघून गेले. इंद्रभान रेंगाळला.

"सर, ही माती कुठची?" त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

"नर्मदेकाठची. का?"

"आमच्याकडची याहून जास्त उचलेल."

मदनसिंग सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "वाटतं की माहीत आहे?"

"वाटतं."

"मग उद्यापासून चारला येत जा."

तेव्हापासून दुपारचे चार ही त्याच्या दिवसाची खरी सुरुवात झाली. सुटीत घरून आणलेली पोतडीभर माती त्यानं कुटली, चाळली, कडीत ठोकून बसवली, पाणी सोडलं. एक उत्तर आलं. खात्रीसाठी पुन्हा केलं तर दुसरंच आलं. तिसऱ्यांदा तिसरं. त्यानं यंत्राला दोष दिला, पाण्याला दिला, शेवटी कामरगावच्या मातीलाही दिला. सर पान चघळत उभे होते.

"माती तीच आहे," ते म्हणाले. "दर वेळी तुझा हात वेगळा पडतो. कधी जोरात ठोकतोस, कधी हळू. फिर से, भोयर."

"फिर से" हे दोन शब्द त्यानं त्या खोलीत किती वेळा ऐकले असतील! आधी त्यांचा राग येई. मग लाज वाटू लागली. आणि एक दिवस असा आला की सरांनी तोंड उघडायच्या आत त्यानं स्वतःच कडी उपसली, माती टाकून दिली आणि नव्यानं सुरुवात केली. त्या दिवशी सरांनी त्याला आपल्या डब्यातलं पान दिलं. इंद्रभान पान खात नव्हता. तरी खाल्लं.

मातीची भुकटी केली की ती वावरातली माती राहत नाही, हेही त्याला तिथेच उमगलं. जमिनीत ती जशी बसली आहे तशीच्या तशी उचलायला हवी. म्हणून दिवाळीला घरी गेला तेव्हा त्यानं वावरात खड्डा खणला, तळातून मातीचा चौकोनी ठोकळा कापला, त्यावर वितळलेलं मेण ओतलं आणि तो धोतराच्या फाडीत गुंडाळला. त्याची माय, प्रयागबाई, कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"लोकाईचे पोरं जातानी चकल्या नेतेत, लाडू नेतेत. अन् हे माह्यं ढेकूळ नेऊन राह्यलं!"

"माय, हे फुटलं नाई पाह्यजे."

"तिकडं काय माती मिळत नाई का रे?"

पंचफुला दाराआड हसली. निघताना छकड्यात त्याच्या शेजारी लाडवांचा डबा आणि मांडीवर तो ठोकळा होता. गोंदियाला गर्दीत डबा कोणीतरी लांबवला. ठोकळा मात्र अख्खा जबलपूरला पोचला.

त्या ठोकळ्यानं सरांनासुद्धा खुर्ची ओढून डायलसमोर बसवलं. काटा चढतच राहिला. वजन वाढवलं, तरी चढला. शेवटच्या परीक्षेनंतर सरांनी इंद्रभानला बोलावून घेतलं. इथेच राहा म्हणाले, मला मदतनीस हवा आहे. पगार थोडा, काम पुष्कळ. वऱ्हाडापासून माळव्यापर्यंतची काळी माती आपण तपासू. इंद्रभान होस्टेलला आला तो चालत नव्हता, उडत होता. पंचफुलाला इकडे आणायचं, एक खोली घ्यायची, रोज सकाळी खिडक्या आपल्या हातानं उघडायच्या, इथवर त्याच्या मनानं बेत केला.

आणि दुसऱ्या आठवड्यात तार आली. उकंडरावांना लकवा मारला होता.

तो घरी पोचला तेव्हा बाप खाटेवर होता. उजवं अंग गेलेलं, बोलणं जड झालेलं. वावर पडलेलं. माय एकाएकी म्हातारी दिसू लागली होती. कोणी त्याला राहा म्हटलं नाही. कोणी म्हणायची गरजच नव्हती. त्यानं सरांना कळवलं, आणि पावसाळ्यानंतर बांधकाम खात्यात कारंज्याला ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाला. तिथून गाव जवळ होतं, बापाकडं आणि वावराकडं पाहता येत होतं. लोक म्हणाले, चांगलं झालं. वाईट असं काही झालंही नव्हतं.

पण त्याला करमेना. दिवसभर तो सायकलवर रस्ते पाहत फिरे, गिट्टीचे ढीग मोजी, मोरीचं बांधकाम तपासी. काम कष्टाचं होतं, खोटं नव्हतं. तरी चार वाजले की हाताला काहीतरी हुकल्यासारखं वाटे. बोटांना ती पितळी कडी आठवे, तिच्या कडेला लावलेल्या तेलाचा वास आठवे. पाणी सोडल्यावर काटा हलण्याआधीची ती शांतता आठवे, जेव्हा खोलीत दोन माणसं असूनही कोणी श्वास घेत नसे. जबलपुरात असताना त्याला कामरगावची सय येई, पण ती सय लाडवांची होती, माणसांची होती. ही ओढ निराळी होती. हिच्याबद्दल बोलावं असं माणूस कारंज्यात नव्हतं.

बाजारपेठेत एका सोनाराच्या दुकानात काचेच्या पेटीतला तराजू होता. इंद्रभान येता-जाता तिथे थांबू लागला. सोनार चिमट्यानं गुंजभर सोनं ठेवी, पेटीचं दार लावी, काटा स्थिरावण्याची वाट पाही. इंद्रभानही पाही. ही गोष्ट कामरगावला पोचायला वेळ लागला नाही.

"अवो," पंचफुलानं एका रविवारी जेवताना विचारलं, "तुमी सोनाराच्या दुकानात जाऊन बसता म्हणते. मले काई घडवून राह्यले का?"

इंद्रभान ओशाळला. "नाई वं. त्याचा तराजू पाह्यतो."

"तराजू?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. कडी, डायल, मदनसिंग सर, आणि मांडीवरून नेलेल्या त्या ढेकळानं केवढं वजन उचललं ते. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण इतकं तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. भाकर ताटात वाळून गेली.

"मंग ते इथं कराले काय झालं?" ती म्हणाली. "माती तं इथचीच हाय."

"इथं काई सामान नाई, पंचफुला."

ती उठून ताट उचलू लागली. "सामान नाई म्हणून चूल बंद राह्यते का कोनाची?"

ते शब्द त्याच्या मनात राहिले.

त्याच उन्हाळ्यात अडाण नदीकाठच्या एका खेड्यातली नवी शाळा तडकली. बांधून दुसरं वर्षही लागलं नव्हतं. दाराच्या वर तिरपी भेग, हात जाईल एवढी. वर्ग झाडाखाली भरू लागले. सगळे म्हणत होते चुना खराब. इंद्रभाननं पाया उकरून पाहिला आणि डिव्हिजनच्या साहेबांना सांगितलं, "चुना चांगला आहे. पाया जिथे टेकलाय, ती मातीच दर वर्षी वर-खाली होते."

साहेब सज्जन होते. "भोयर, तुम्ही म्हणता ते खरं असेलही. पण किती खोलपर्यंत हलते? पाया कुठवर न्यायचा? तुम्हाला वाटतं एवढ्यावर मी नकाशा बदलू शकत नाही."

वाटतं की माहीत आहे? तोच प्रश्न, दुसऱ्या तोंडून. इंद्रभान सायकल काढून निघाला तो कारंज्याला न थांबता थेट कामरगावला आला आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन उभा राहिला. कडी नाही, डायल नाही, काचेची पेटी नाही. पण अख्खी काळी जमीन पायाखाली होती. लॅबमध्ये वावराचा तुकडा नेता येतो, तर वावरातच लॅब का मांडू नये?

त्यानं विहिरीजवळच्या पडीत तुकड्यात बोअर घेतले आणि वेगवेगळ्या खोलीवर लोखंडी सळया उभ्या केल्या. प्रत्येक सळईभोवती नळी, म्हणजे मधली माती तिला शिवू नये. टोक जिथे टेकलं तिथली माती हलली तरच सळई हलणार. दोन सळया थेट खालच्या, कधी न हलणाऱ्या मुरमात. त्या दोघींवर एक सरळ पाट आडवा ठेवायचा आणि बाकीच्या सळयांचं डोकं पाटापासून किती खाली आहे ते पट्टीनं मोजायचं. एवढंच. सरांनी पाहिलं असतं तर ओठ मुडपून हसले असते, असं त्याला वाटलं, आणि मग वाटलं, नाही, सरांनी आधी पाट सरळ आहे का ते तपासलं असतं. त्यानं पाट पुन्हा रंधून घेतला.

तो दौऱ्यावर असला की माप पंचफुला घेई. ती घोळ करील अशी त्याला भीती होती. पण ती दर खेपेला पट्टी पुसून, पाट झाडून, दोनदा मोजून आकडा सांगे. खाटेवरून उकंडराव जड जिभेनं विचारत, "वाढली का वं आपली जमीन?" आणि स्वतःच हसत.

पहिल्या पावसाळ्यात वरच्या सळया हळूहळू उठू लागल्या. इंद्रभानला पुन्हा तीच शांतता सापडली. आणि भादव्यात शेजारच्या वावरातला एक मातलेला बैल दावं तोडून आला आणि त्या सळयांमधून आरपार गेला. तीन वाकल्या, एक उखडली. पंचफुला रडकुंडीला आली. इंद्रभान रात्री हिशेब घेऊन बसला. मागचे आकडे होते, पुढचा अंदाज बांधता येत होता. मधली रिकामी जागा भरून काढली असती तर साहेबांनाच काय, कोणालाही कळलं नसतं. त्यानं पेन टेकवलं आणि उचललं. मग सगळा पावसाळा एका आडव्या रेघेनं खोडून टाकला.

"अवो, एवढं सारं फुकट?" पंचफुलानं विचारलं.

"फुकट नाई. पुन्हा करू."

"पुन्हा म्हणजे आता पुढचा पावसाळा?"

"व्हय."

तिनं एक सुस्कारा सोडला. "मंग आता काट्याईचं कुंपन घाला लागंन."

असं करता करता राज्य बदललं. वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, कचेरीचे कागद नागपूरऐवजी मुंबईला जाऊ लागले. सळयांना त्याचं काही नव्हतं. बाभळीच्या कुंपणाआड त्या दोन पावसाळे उठल्या आणि दोन उन्हाळे बसल्या. सगळ्यात वरची अंगठ्याच्या पेराएवढी उचलली जाई, खालच्या कमी कमी, आणि दोन पुरुष खोलीवरची जागची हलत नसे. शाळेचा पाया जेमतेम कंबरभर खोल होता.

साहेबांनी आकडे पाहिले, स्वतः येऊन सळया पाहिल्या, आणि शाळेची नवी खोली खोलवर नेलेल्या खांबांवर बांधायला मंजुरी आणली. इंद्रभानचं टिपण त्यांनी उत्तरेतल्या एका संशोधन संस्थेकडे पाठवलं. एक प्रत इंद्रभाननं जबलपूरला धाडली. तिच्याबरोबर लिहायचं खूप होतं. शेवटी एकच ओळ लिहिली: सर, आता वाटत नाही, माहीत आहे.

जबलपूरहून दुसऱ्याच कुणाचं कार्ड आलं. मदनसिंग सर मार्गशीर्षात वारले. टिपण पोचलं तेव्हा ते नव्हते.

इंद्रभान त्या दिवशी विहिरीच्या थारोळ्यावर बसून राहिला. पंचफुला चहा घेऊन आली, बाजूला ठेवून नुसती बसली.

संस्थेचं बोलावणं एकोणसाठ साली आलं. संशोधनाची कायमची नोकरी. एव्हाना उकंडराव काठी धरून ओसरीपर्यंत येऊ लागले होते आणि वावर इंद्रभानच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, बाबूसिंगनं, निम्म्या वाट्याच्या बटईनं घेतलं होतं. मायच म्हणाली, "जाय बाबा. इथं राहून तू अर्धाच राह्यतं." पंचफुलानं ट्रंक भरली. सरळ दिल्लीची गाडी पकडता आली असती, पण इंद्रभान म्हणाला, वाट वाकडी करून जबलपूरवरून जाऊ.

तिला स्टेशनवर बसवून तो टांग्यानं कॉलेजला गेला. मागची ती लांबट खोली तिथेच होती. खिडक्या उघड्या होत्या. आत नवे ओटे, नवी यंत्रं, नवी पोरं. भिंती हिरव्या रंगवलेल्या. एक पोरगा कडीत माती ठोकत होता, जरा जास्तच जोरात. इंद्रभानच्या ओठांवर शब्द आले आणि तिथेच राहिले. पोरानं वर पाहिलं.

"किससे मिलना है?"

"किसीसे नहीं," इंद्रभान म्हणाला. थोडा वेळ खिडकीशी उभा राहिला आणि परत फिरला.

"भेटलं का कोनी?" पंचफुलानं विचारलं.

"नाई."

तिनं ट्रंकेवरची जागा सरकून त्याला करून दिली.

संस्थेतली प्रयोगशाळा जबलपूरच्या दहापट होती. देशभरातली माती मेणात बांधून तिथे येई. इंद्रभान कामात बुडाला, तरी संध्याकाळी त्याला बाभळीच्या कुंपणाआडच्या सळया आठवत. त्याच्या हाताखालचे नवे लोक आपसात म्हणत, भोयर साहेब बोलत नाहीत, आणि एकदा केलेलं पुन्हा करायला लावतात. हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, तेव्हा तो समोरच्या कडीतली माती उपसून पुन्हा भरू लागला.

दिवाळीला ती दोघं कामरगावला आली. वाटेत बाबूसिंगनं त्यांना नदीकाठची शाळा दाखवली. नवी खोली एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून सरळ उभी होती. घरी माय पंचफुलाला घेऊन आत गेली. इंद्रभान बापाजवळ ओसरीवर बसला. कापसाच्या गाड्या कारंज्याकडे चालल्या होत्या. उकंडराव कितीतरी वेळ गाड्याच पाहत होते.

"करमते का रे तुले तिकडं?" त्यांनी विचारलं.

इंद्रभान हो म्हणणार होता. "नाई करमत, बाबा," तो म्हणाला.

"मंग येतं का वापस?"

"नाई."

उकंडरावांनी मान हलवली. समजलं म्हणून हलवली की नुसतीच, ते इंद्रभानला कळलं नाही. त्यांनी चांगल्या हातानं काठी चाचपली.

"धर जरा मले," ते म्हणाले. "आज फाटकापर्यंत जाऊन पाहू."

इंद्रभाननं बापाचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं हळूहळू पायरी उतरू लागले.